फोर्टमधल्या जुन्या व्यापारी इमारतीला हेरिटेज दर्जा मिळवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या फोर्ट भागात आतल्या गल्लीत चार मजली इमारत आहे, खाली दुकानांचे आठ गाळे, वर कचेऱ्या. विचारणाऱ्यांचं कागद-स्टेशनरीचं दुकान आजोबांपासून तिथे पागडीवर आहे. मालक इमारत पाडून नवी बांधणार अशी कुजबुज सुरू झाली आहे, म्हणून भाडेकरूंनी हेरिटेज दर्जासाठी अर्ज करायचं ठरवलंय. दर्जा मिळतो कसा, किती दिवसांत, आणि मिळाला तर पाडकाम थांबतं का?

मी 22 वर्षं जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करते, त्यातली बरीचशी फोर्ट आणि काळबादेवीत गेली. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. दर्जा मिळाला तर मालकाला परस्पर पाडता येत नाही. पाडणं, वाढवणं, दर्शनी भाग बदलणं, यातल्या कशालाही परवानगी देण्याआधी महापालिका आयुक्तांना सहसा हेरिटेज संवर्धन समितीचं मत घ्यावं लागतं. पण गळतं छप्पर दर्जाने थांबत नाही, तुळईला लागलेली वाळवी थांबत नाही, आणि गंजलेला गर्डर तर दर वर्षी आणखी गंजतो. तुमच्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर काळा घोड्याला एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे, ती एकदा नीट बघून या. 1860 च्या दशकात वॉटसन हॉटेल म्हणून बांधलेली ही इमारत. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून इथे जोडला. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. मुंबईच्या यादीत तिला दोन-अ, म्हणजे वरून दुसरा, दर्जा आहे, जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीतही तिचं नाव येऊन गेलं. तरीही 2005 च्या पावसाळ्यात तिच्या पुढच्या सज्जांचा भाग कोसळून माणूस दगावला, आणि 2019 साली ती रिकामी करावी लागली. पाडायची की सावरायची, यावर तज्ज्ञांचे अहवाल आणि कोर्टाच्या तारखा. दर्जा होता. दुरुस्ती कुणी, कुणाच्या पैशाने करायची हे मात्र मालक आणि भाडेकरू यांच्यात कधीच ठरलं नव्हतं.

म्हणून माझं एकच सांगणं आहे: अर्ज आणि दुरुस्तीचा करार या दोन्हींवर एकाच दिवशी काम सुरू करा. अर्ज पुढे गेला आणि करार मागे राहिला, तर तुमच्या हातात एक प्रमाणपत्र आणि डोक्यावर एक मोडकळीला आलेलं छत उरेल.

आता अर्जाकडे वळू. पहिलं काम म्हणजे तुमची इमारत आधीच यादीत आहे का, हे बघणं. यात हसण्यासारखं काही नाही. माझ्याकडे आलेल्या कित्येक भाडेकरूंना आपली इमारत 1995 पासून यादीत आहे याचा पत्ताच नव्हता. मुंबईने 21 एप्रिल 1995 रोजी विकास नियंत्रण नियमावलीत 67 वा नियम आणला. पुरातत्त्व खात्याच्या कक्षेबाहेरच्या, लोकांच्या रोजच्या वापरातल्या इमारतींना शहराच्या पातळीवर संरक्षण देणारा देशातला हा पहिला कायदा. पहिल्या यादीतच सहाशेच्या वर नोंदी होत्या. आता 2034 च्या विकास नियंत्रण नियमावलीत तीच तरतूद 52 व्या नियमात आहे. यादी शोधताना इमारतीच्या आजच्या नावावर विसंबू नका. फोर्टमध्ये इमारतींची नावं मालकाबरोबर बदलली आहेत. सीएस नंबर घ्या, म्हणजे मालमत्ता पत्रकावर असतो तो नगर भूमापन क्रमांक, आणि त्यावरून शोधा.

दुसरी शक्यता अशी की इमारतीची स्वतंत्र नोंद नाही, पण ती हेरिटेज परिसरात मोडते. फोर्टचा मोठा भाग तसाच आहे, शिवाय 2018 साली व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसा दर्जा मिळाला तेव्हा त्याच्या भोवतीचा मोठा पट्टा बफर क्षेत्र म्हणून आखला गेला. परिसरातल्या इमारतीला काही बंधनं आपोआप लागतात. पण परिसरात असणं वेगळं आणि स्वतःच्या नावाने यादीत असणं वेगळं. परिसराचा नियम मुख्यतः रस्त्यावरून दिसणारं रूप आणि उंची सांभाळतो. आतला सागवानी जिना, ओतीव लोखंडाचे खांब, जमिनीवरच्या फरशा यांची नोंद हवी असेल तर इमारतीला स्वतःचा दर्जा लागतो.

दर्जे एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन असे आहेत. पहिला राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंचा. तिथे मजबुतीकरणापलीकडे जवळजवळ कशालाच हात लावता येत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस त्या रांगेतलं. दुसऱ्या दर्जात आतले बदल आणि नवा वापर विचारपूर्वक करता येतो. तिसरा दर्जा रस्त्याच्या एकूण रूपात भर घालणाऱ्या इमारतींचा. भाडेकरू नेहमी वरचा दर्जा मागतात, आणि इथेच प्रकरण फसतं. आतल्या गल्लीतल्या चांगल्या व्यापारी इमारतीसाठी दोन-ब किंवा तीन मागितलात, तर समिती ते गांभीर्याने घेते. पहिला मागितलात, तर अर्ज वाचणाऱ्याला पहिल्या पानावरच कळतं की आपण कशाची कशाशी तुलना करतोय याचा मागणाऱ्याला अंदाज नाही.

अर्ज कुणीही करू शकतं, मालकच हवा असं नाही. महापालिकेच्या हेरिटेज कक्षाकडे प्रस्ताव द्यायचा. समितीला तो पटला तर हरकती-सूचना मागवल्या जातात, मालकाचं म्हणणं ऐकलं जातं, आणि नोंद पुढे शासनाच्या मंजुरीला जाते. किती दिवस लागतात, हे विचारलंय. वर्षांत मोजा, महिन्यांत नको. 2012 साली नऊशेच्या वर नोंदींची वाढीव यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी केवढा विरोध केला ते अनेकांना आठवत असेल. पुनर्विकास अडेल, ही त्यांची भीती होती आणि ती पोकळ नव्हती. हरकतींची सुनावणी लांबत गेली. म्हणून मालक पुढच्या महिन्यात हातोडा घेऊन येणार असेल, तर हेरिटेज अर्ज हा तुमचा तातडीचा उपाय नाही. त्यासाठी वकील लागेल.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे. बहुतेक अर्ज एकाच कारणाने पडतात. त्यात लिहिलेलं असतं: इमारत शंभर वर्षांहून जुनी आहे, आमच्या तीन पिढ्या इथे वाढल्या, आमच्या भावना गुंतल्या आहेत. हे सगळं खरं असतं. पण फोर्टमध्ये शंभरी ओलांडलेल्या इमारती पावलापावलावर आहेत. समितीला वय नको असतं, तिला मोल हवं असतं. यादीत प्रत्येक नोंदीपुढे मूल्याचा रकाना असतो: वास्तुशैलीसाठी, इतिहासासाठी, सामाजिक-आर्थिक इतिहासातल्या स्थानासाठी, नामवंत व्यक्तीच्या संबंधासाठी, बांधकामाच्या तंत्रासाठी, की इमारतींच्या समूहाचा भाग म्हणून? तुमची इमारत यातल्या कुठल्या रकान्यात बसते, ते दोन-तीन वाक्यांत लिहिता यायला हवं. नमुना देते: ‘ही इमारत कागद आणि छपाईच्या व्यापारातून वाढलेल्या गल्लीचा भाग आहे. दर्शनी भिंत पिवळट मालाड दगडाची, तळमजल्यावर सलग कमानी, वर लाकडी सज्जे. तळमजल्याचा वापर बांधल्यापासून बदललेला नाही.’ एवढंच. पुढची चाळीस पानं या वाक्यांचा पुरावा असतात.

हा पुरावा अर्धा कागदात सापडतो आणि अर्धा इमारतीच्या अंगावर. कागदाचा शोध काळा घोड्याच्या राज्य पुराभिलेखागारापासून सुरू करा. 1860 आणि 70 च्या दशकांत कर्नल लॉटनने केलेल्या शहर-मोजणीचे नकाशे बघा. तुमच्या भूखंडावर तेव्हा काय होतं हे तिथे दिसेल. मग महापालिकेच्या घरपट्टीच्या जुन्या नोंदी, आणि व्यापारी डिरेक्टऱ्या, ज्यांत गल्लीतल्या पेढ्यांची नावं सापडतात. पण तुमच्यासारख्यांकडे जे असतं ते कुठल्याच दप्तरात नसतं. आजोबांची बिलबुकं, छापील लेटरहेड, आणि दिवाळीच्या चोपडीपूजनाचे फोटो. फोर्ट-काळबादेवीतल्या दुकानांत लक्ष्मीपूजनाला फोटो काढायची पद्धत होती. सगळे नटूनथटून गल्ल्याभोवती बसलेले, मागे कपाटं, कमान, छत, आणि बऱ्याचदा पाठीवर साल लिहिलेलं. कमान मुळात कशी होती हे मला एकदा अशाच फोटोतून कळलं. पूजेच्या वह्यांमागे मूळ लाकडी झडपा दिसत होत्या.

इमारतीच्या अंगावरचा पुरावा शोधायला पोटमाळ्यावर चढा. हे मी अक्षरशः सांगतेय. काही वर्षांपूर्वी फोर्टमधल्याच एका दुकानात आम्हाला इमारतीचं साल मिळत नव्हतं. मालकाच्या कागदांत एक, घरपट्टीत दुसरं. दुकानदारांनी माल हलवून दिला, आम्ही पोटमाळ्यावर गेलो. वर प्लायवूडचं खोटं छत, त्याच्यावर जुन्या वायरींचा गुंता, त्याच्याही वर खरं छत. बॅटरी धरली तर लोखंडी गर्डरच्या कडेला उठावदार अक्षरं होती, वर रंगाचे पाच-सहा थर. सुतळीच्या ब्रशने हळूहळू घासल्यावर वाचता आलं: डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो, इंग्लंड. सिडनीचा हार्बर ब्रिज बांधणारी हीच कंपनी. ती 1875 साली सुरू झाली, म्हणजे तो मजला त्याआधीचा असणं शक्यच नव्हतं, आणि मालकाच्या कागदातलं 1868 हे साल त्या क्षणी बाद झालं. इमारत आम्ही समजत होतो त्यापेक्षा तरुण निघाली. दुकानदारांचा चेहरा उतरला. पण अर्ज पक्का झाला, कारण आता खोटं साल कुणी उघडं पाडण्याची भीती उरली नव्हती. अशाच खुणा कौलांच्या पाठीवर असतात. मंगलोरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला, तेव्हा त्यांचा ठसा असलेलं कौल त्यानंतरचंच. एखादी उखडलेली फरशी उलटून बघा. तिच्यावर भारत टाइल्सचा ठसा असेल तर ती 1922 नंतरची. मात्र फरशीचं साल म्हणजे इमारतीचं साल नव्हे, हा घोटाळा मी भल्या भल्या अहवालांत पाहिलाय.

व्यापारी इमारतीचा प्राण तिच्या तळमजल्यात असतो, आणि सगळ्यात जास्त नासधूसही तिथेच झालेली असते. दादाभाई नवरोजी रस्त्यावरून सीएसएमटीकडून फ्लोरा फाउंटनकडे चालत जा. दोन्ही बाजूंना शैली दहा प्रकारच्या आहेत, गॉथिक, निओक्लासिकल, पौर्वात्य धाटणीच्या, पण रस्ता एकसंध वाटतो. कारण 1896 च्या नियमाने प्रत्येक इमारतीला पादचाऱ्यांसाठी तळमजल्यावर कमानींची पडवी सोडणं बंधनकारक केलं. ऊन असो, पाऊस असो, माणूस सावलीतून चालतो आणि चालता चालता दुकानात शिरतो. हेच त्या इमारतींचं मोल आहे. पुढे याच कमानी पाट्यांखाली, एसीच्या डब्यांखाली आणि शटरच्या पेट्यांखाली बुजून गेल्या. 1990 च्या दशकाअखेरीस त्या रस्त्यावर पाट्यांची शिस्त लावायचं काम सुरू झालं: पाटी कमानीच्या आत बसेल एवढीच, दगडी कोरीवकाम झाकायचं नाही. दुकानदार आणि मालक एकत्र आले, हेरिटेज माइल असोसिएशन उभी राहिली, आणि 2004 साली त्या कामाची युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत सन्मानपूर्वक नोंद झाली. हे मी आवर्जून सांगते, कारण तिथे सुरुवात पाट्या उतरवण्यापासून झाली, आणि पाटी उतरवणं दुकानदाराच्या हातात असतं. मालकाची परवानगी लागत नाही, समितीची वाट बघावी लागत नाही. समितीची माणसं पाहणीला येतील तेव्हा तुमच्या आठही गाळ्यांच्या पाट्या कमानीच्या आत बसलेल्या असतील, तर ते चाळीस पानांपेक्षा जास्त बोलकं असेल. पाटीचे लोखंडी अँगल काढताना जपून काढा. दगडात ठोकलेलं लोखंड गंजताना फुगतं आणि दगड फोडतं. पहारीने उचकटलं तर कोरीव तुकडा सोबत येतो.

मालकाशी बोला. मला ठाऊक आहे, बोलणं बंद झालंय. पण त्यांच्या बाजूनेही बघा. 1947 च्या भाडे कायद्याने प्रमाण भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधलं, आणि 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली. ज्या गाळ्याचं महिन्याचं भाडं शेकड्यात आहे, तिथे छप्पर बदलायचे लाखो रुपये मालक कुठून काढणार? कायद्याने दुरुस्ती मालकाची आहे. मालकाने केली नाही तर भाडेकरू नोटीस देऊन स्वतः करून खर्च ठरावीक मर्यादेत भाड्यातून वळता करू शकतो. पण शेकड्यातल्या भाड्यातून काय वळतं करणार? इमारतीत वर कुणी राहत असेल आणि सेस, म्हणजे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीचा उपकर, भरला जात असेल, तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचं दार ठोठावता येतं. निव्वळ व्यापारी इमारतीला ते दार सहसा बंदच.

मालकाशी बोलायला तुमच्याकडे एक खरी गोष्ट आहे. हेरिटेज दर्जामुळे जी बांधकामाची क्षमता वापरता येणार नाही, तिच्या बदल्यात टीडीआर मिळण्याची तरतूद नियमांत आहे. म्हणजे तो हक्क दुसऱ्या जागेसाठी विकता येतो. मालकाला हे आकड्यांत दाखवा. त्यासाठी आर्किटेक्टची फी द्यावी लागली तरी द्या. शिवाय वरच्या मजल्यांवर एखादी बँक किंवा एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाची कंपनी भाडेकरू असेल, तर तिला 1999 च्या भाडे कायद्याचं संरक्षण नाही, तिच्याकडून बाजारभावाने भाडं घेता येतं. अशा एका भाड्यावर अख्ख्या इमारतीची दुरुस्ती चाललेली मी पाहिली आहे. लेखी करार करा: छप्पर आणि पन्हळी मालकाच्या, दर्शनी भाग आणि कमानी भाडेकरूंच्या, दर वर्षी इतकी वर्गणी, स्वतंत्र खातं. वर्गणी किती हा भांडणाचा मुद्दा होणारच. गाळ्याच्या क्षेत्रफळावर ठरवा, कमाईवर नको. कमाई कुणी खरी सांगत नाही.

एका गोष्टीची भीती मात्र खरोखर बाळगा. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 354 खाली धोकादायक इमारतीची नोटीस येते, आणि इमारत सी-1 या सगळ्यात धोकादायक वर्गात गेली की ती रिकामी करून पाडायची असते. हेरिटेज असो वा नसो, सुरक्षिततेपुढे सगळे हात टेकतात. अशी नोटीस येण्याआधीच स्वतःचा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करून ठेवा, आणि तो चुना-दगड-लाकडाच्या बांधकामाची जाण असलेल्या इंजिनिअरकडूनच. आरसीसीच्या, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, मापाने मोजलं तर प्रत्येक जुनी इमारत धोकादायकच ठरते. दोन अहवाल परस्परविरोधी आले तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. तिथे तुमचा अहवाल तयार असायलाच हवा.

आणि कृपा करून, दर्जासाठी इमारत चकाचक दिसावी म्हणून सिमेंटचा गिलावा करू नका, दगडाला ऑइलपेंट लावू नका. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या एका इमारतीचा दर्शनी भाग गणपतीच्या आधी असाच रंगवून टाकला होता. दोन पावसाळ्यांत रंगाखाली ओल कोंडली आणि मालाड दगडाचे पापुद्रे पत्र्यासारखे सुटायला लागले. दगड आणि चुना यांना श्वास घ्यायला लागतो. चुन्याचा गिलावा चुन्यानेच दुरुस्त होतो, नीट मुरवलेल्या, गूळ-हिरडा घातलेल्या. भिंतीतलं पिंपळाचं रोप वरून छाटून भागत नाही. मुळापर्यंत उकरावं लागतं, नाहीतर पुढच्या वर्षी ते दुप्पट जोमाने येतं.

हाच प्रश्न पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरच्या बाजारपेठेतून कुणी विचारत असेल तर नियमावली वेगळी. डिसेंबर 2020 पासून मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, आणि तिच्यातही हेरिटेज यादी आणि समितीची तरतूद आहे. पुरावा गोळा करण्याची आणि मालकाशी बोलण्याची रीत तीच.

तुम्ही आत्ता काय करायचं? पहिला जोराचा पाऊस पडेल त्या दिवशी दुकान उघडं ठेवा, छत्री आणि कॅमेरा घेऊन चारही मजल्यांवर जा, गच्चीवरही. पाणी कुठून शिरतं, कुठल्या पन्हळीत तुंबतं, कुठल्या भिंतीवरून उतरतं, त्याचे तारखेसह फोटो काढा. दुरुस्तीच्या कराराचं पहिलं पान हेच फोटो असतील, आणि अर्जातल्या इमारतीच्या सद्यस्थितीच्या रकान्यातही तेच लागतील. मालकाला पहिला फोन करायचा तर त्याच संध्याकाळी करा.